भिंगरीचा उजवा पाय

विमान इतकं अलगद टेकलं, की धावपट्टीच्या कडेला उभ्या असलेल्या प्रणिताला टायरचा आवाजसुद्धा आला नाही. मुरमाचा थोडा धुरळा उडाला, एवढंच. साठ-सत्तर पावलं ते सरळ धावलं. मग काहीही कारण नसताना उजवं चाक बाहेरच्या अंगाला फाकलं. पंखाचं टोक मुरमात रुतलं, विमान गर्रकन फिरलं, क्षणभर नाकावर उभं राहिलं आणि कुशीवर कोसळलं.

आतल्या बारा मधपेट्यांपैकी पाच फुटल्या. प्रणिता धावत पोचली तेव्हा तिचा दीर ऋषिकेश शुद्धीवर होता. डावी मांडी भलत्याच कोनात वळलेली, मानेवर आणि कपाळावर माश्या बसलेल्या. तिने ओढणीने माश्या झटकल्या, पट्टा कापला. तो सारखं एकच म्हणत होता.

"वहिनी, मी जोरात नाही आपटलं. खरंच नाही आपटलं."

"मी बघितलंय. बोलू नकोस."

ही गोष्ट सन २०४२ च्या फेब्रुवारीतली, देऊळगाव राजा तालुक्यातल्या पिंपळखुट्याची. या भागात कांद्याचं बी पिकतं. कांद्याला पांढरे गोंडे येतात, त्या गोंड्यांवर माश्या फिरल्या तरच बी धरतं. पण इथल्या माश्या कधीच्या संपल्या होत्या. घाटमाथ्यावरून पेट्या आणाव्यात, तर ट्रकला चौदा तास लागत आणि फेब्रुवारीतच चाळिशी गाठणाऱ्या उन्हात पेट्यांतलं मेण वितळून निम्म्या माश्या वाटेतच मरत. म्हणून मग माश्या विमानाने यायला लागल्या.

विमान म्हणजे काही मोठं नव्हे. दोन माणसांचं, बॅटरीवर चालणारं, घरच्या शेडमध्ये बांधता येईल असं. दहा वर्षांपूर्वी नियम सैल झाले, सुटे भाग खोक्यांतून यायला लागले आणि ज्याच्या हातात कसब आहे तो विमान बांधायला लागला. लोक त्याला भिंगरी म्हणत. प्रणिता कायंदे तालुक्याच्या आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवायची. सहा वर्षांत तिने अकरा भिंगऱ्या बांधल्या होत्या. त्यातली चौथी ऋषिकेशची. ती आज कुशीवर पडली होती.

संध्याकाळी ऋषिकेशला जालन्याच्या दवाखान्यात दाखल करून, मांडीत सळई बसल्याचं ऐकून ती परत आली आणि मोडलेल्या विमानाखाली शिरली.

भिंगरीचा पाय म्हणजे काचतंतूंची एक लवचिक पट्टी. खाली चाक, आणि वरचं टोक विमानाच्या पोटात शिरून एका नायलॉनच्या ठोकळ्यात बसतं. अर्ध्या विटेएवढा ठोकळा. नायलॉन का, तर ते हलकं, पट्टीला कापत नाही आणि दणका बसला की किंचित दबून पुन्हा सरळ होतं. बावीसच्या बावीस ठोकळे प्रणिताने आयटीआयच्या मिलिंग मशीनवर स्वतः कापलेले, प्रत्येकावर स्वतःच्या हाताने नंबर ठोकलेला. उजवीकडचा आठ नंबरचा ठोकळा मधोमध चिरला होता.

तिने दोन्ही तुकडे उजेडात धरले. बाहेरून ठोकळा गुळगुळीत, दुधी, जसा कापला तसा. आतला, पट्टीला लागून असलेला भाग मात्र पांढराफटक. तिने नख लावलं. नख आत गेलं. नायलॉनमध्ये नख जात नाही, हे ती वर्गात दर वर्षी सांगत आली होती. नखात खडूसारखी भुकटी आली.

*

तिसऱ्या दिवशी विमान खात्याचे निरीक्षक नासीर तडवी आले. शांत, मोजकं बोलणारे गृहस्थ. त्यांनी विमानातल्या नोंदपेटीतला आलेख पडद्यावर दाखवला.

"हा बघा, बाई. इथे धक्का चारपट. एवढा धक्का कुठलाच पाय सोसणार नाही."

"पण हा धक्का टेकतानाचा कशावरून, साहेब? पंख जमिनीला लागला तेव्हाचाही असू शकतो."

"असू शकतो. पण वैमानिकाला सोडून दुसरं कारण तर दिसायला पाहिजे. ठोकळा खराब होता म्हणाल, तर तो तुम्हीच कापलाय." ते जरा थांबले. "मला अहवाल येत्या नाही, त्याच्या पुढच्या सोमवारी द्यायचाय. मी तुमच्या दिराचं वाईट चिंतत नाही. पण त्यांचा परवाना तूर्त थांबवावा लागेल."

वैमानिक नाही तर ठोकळा, आणि ठोकळा म्हणजे ती, एवढा हिशोब प्रणितालाही कळत होता. गेल्या दोन रात्री ती डोळे मिटले की मशीनचं पातं बघत होती. पातं बोथट होतं का? कापताना नायलॉन तापलं होतं का?

तिने तपासाला सुरुवात केली ती खरं तर स्वतःविरुद्ध. कट्ट्यावर स्टीलच्या वाट्या मांडल्या आणि ठोकळे ज्यातून कापले होते त्याच जुन्या नायलॉनच्या रॉडचे तुकडे एकेका वाटीत टाकले. एकात पाणी, एकात बॅटरीतला द्रव, एकात वंगण, एकात शेडमध्ये फवारतात ते वाळवीचं औषध. एक तुकडा पत्र्यावर उन्हात ठेवला. शिवराज, तिचा नवरा, सकाळी चहा घेऊन बाहेर आला आणि वाट्यांची रांग बघून म्हणाला, "हे काय, नायलॉनचं लोणचं?"

"पाणी पाजतेय त्याला."

"पाण्यानं कुजतं?"

"उलट. नायलॉन पाणी पितं आणि चिवट होतं. आम्ही पोरांना नायलॉनचे गिअर बसवायच्या आधी उकळायला लावतो." ती वाटीत बोट घालून तुकडा वाकवत होती. "म्हणून तर कळत नाही. जे त्याला मजबूत करतं तेच सगळं आजूबाजूला आहे. मग ह्याला खाल्लं कुणी?"

पाच दिवस गेले. वाट्यांतले तुकडे होते तसेच राहिले.

सहाव्या दिवशी तिला एक साधी गोष्ट सुचली आणि ती आधी का सुचली नाही म्हणून स्वतःचाच राग आला. तिने मोटरसायकल काढली आणि वीस कोसांवरच्या वरुडीला गेली. तिथली भिंगरी तिनेच बांधलेली, सहा नंबरची. तिचे ठोकळे त्याच रॉडमधून, त्याच दिवशी, त्याच पात्याने कापलेले. ती दवाखान्यांना रक्ताच्या पिशव्या पोचवायची आणि ऋषिकेशच्या विमानाच्या दुप्पट वेळा उतरली होती. प्रणिताने जॅक लावून पाय उतरवला, ठोकळा बाहेर काढला, नख लावलं. नख घसरलं. ठोकळा नवा करकरीत.

म्हणजे रॉड निर्दोष, पातं निर्दोष आणि तीही निर्दोष. तिने मालकाला दोनदा विचारलं, विमान कुठे उभं असतं, कशाने धुता, ऊन किती लागतं. सगळं सारखंच. फरक फक्त एक. हे विमान रक्त वाहायचं, ऋषिकेशचं माश्या.

*

परत आल्यावर तिने मोडक्या विमानाचा माल ठेवायचा कप्पा उघडला आणि आत डोकं घातलं. दहा दिवस बंद असलेल्या कप्प्यातून तीक्ष्ण वास आला. नाकात झोंबलं, डोळ्यांत पाणी आलं. लाल मुंगी चिरडल्यावर येतो तो वास, शंभर पटीने.

मयूरी मागच्या अंगणात वाचलेल्या पेट्या तपासत होती. मयूरी तिची धाकटी जाऊ, ऋषिकेशची बायको. दवाखान्यातून सकाळी परतायची, पेट्यांना साखरपाणी द्यायची, पुन्हा दवाखान्यात जायची. गेल्या दहा दिवसांत तिचे गाल बसले होते.

"मयूरी, ते माइटचं औषध जरा देतेस? बाटली?"

"कामून, ताई?"

"बघायचंय."

मयूरीने फळीवरची छोटी बाटली काढून दिली. तोंडाला कापसाची वात. "जपून हं. पंच्याऐंशी टक्के आहे. आणि त्याला नायलॉनची दोरी बांधू नका, गळून पडते. मी सुतळीच वापरते."

प्रणिता बाटली हातात धरून उभीच राहिली.

"गळून पडते?"

"हो, आठवड्याभरात. आधी मला वाटलं दोरीच हलकी आहे." आणि मयूरी वाकून पुन्हा कामाला लागली.

माश्यांच्या अंगाला चिकटून रक्त पिणारा एक बारीक कोळी असतो, माइट. तो झाकलेल्या घरट्यांत, अळ्यांच्या सोबतीला लपतो. बाकीच्या औषधांना तो केव्हाच पचवून बसला होता. उरलं होतं फक्त फॉर्मिक आम्ल, मुंगीच्या नांगीतलं. त्याची वाफ मेणाच्या झाकणातूनही आत जाते. पण उघड्या रानात वाफ वाऱ्यावर उडून जाई. मयूरीने दोन वर्षांपूर्वी अशी शक्कल काढली, की पेट्या विमानात असतानाच कप्प्यात बाटल्या ठेवायच्या. बंद जागा, दीड तासाचं उड्डाण, वाफ सगळीकडे सारखी. विमान उतरेपर्यंत माइट मेलेले असत. त्या वर्षी तिच्या एकाही पेटीत रोग उरला नाही. जिल्ह्याने तिचा सत्कार केला. बघता बघता मराठवाडा-विदर्भातल्या मधपाळांनी तिची पद्धत उचलली. ती फोनवर बोलून एकेकाला शिकवायची.

प्रणिता आयटीआयच्या रिकाम्या वर्कशॉपमध्ये गेली. काचेच्या पेल्यात बोटभर औषध ओतलं, नायलॉनच्या रॉडचा थोडा कीस सोडला आणि घड्याळ लावलं. चौथ्या मिनिटाला किसाच्या कडा धूसर झाल्या. नवव्या मिनिटाला तो सुजून चिकट दोऱ्यासारखा लोंबायला लागला. विसाव्या मिनिटाला पेल्यात काहीच नव्हतं. साखर पाण्यात जावी तसं नायलॉन गेलं होतं.

नायलॉनचा रेणू म्हणजे लांबच लांब साखळी. अशा असंख्य साखळ्या शेजारी शेजारी पडलेल्या असतात आणि थोड्या थोड्या अंतरावर एकमेकींचे हात धरतात. एकेकटा हात लेचापेचा, पण सगळ्या मिळून ठोकळ्याला ठोकळेपण देतात. फॉर्मिक आम्लाचा रेणू चिमुकला. तो दोन साखळ्यांच्या मधे घुसतो आणि दोघींचेही हात आपणच धरून बसतो. साखळ्या सुट्या होतात. पुढे आम्ल उडून गेलं तरी त्या पूर्वीसारख्या नीट लागत नाहीत. मागे राहते पांढरी, ठिसूळ भुकटी.

बाकीचं चित्र तिच्या डोळ्यांपुढे आपोआप जुळत गेलं. ही वाफ हवेपेक्षा जड. ती कप्प्याच्या तळाशी बसणार. तळात भोकं दोनच, पाय आत येतात ती. भोकांच्या खाली ठोकळे. उंचावरच्या गार हवेत विमानात सगळ्यांत गार काय, तर बाहेरच्या हवेला लागून असलेले हे ठोकळे. त्यांच्यावर दव धरणार, दवात आम्ल उतरणार, आणि तहानलेला ठोकळा ते पाण्यासोबत पिणार. रोज घोटभर, दोन वर्षं. बाहेरून मात्र ओरखडाही दिसायचा नाही.

तिला इतका आनंद झाला, की ती रिकाम्या वर्कशॉपमध्ये एकटीच मोठ्याने हसली. माझा ठोकळा नव्हता! ऋषीचा हात नव्हता! आणि हसू ओसरायच्या आत तिच्या लक्षात आलं, की मग कोणाचं काय होतं.

*

"तिला सांगू नकोस," शिवराज म्हणाला. दोघं शेडच्या पायरीवर बसले होते. "तडवी साहेबांना सांग, कुठल्यातरी रसायनाने नायलॉन खाल्लं. ऋषी सुटेल, तू सुटशील. मयूरीचं नाव कशाला? नवऱ्याची मांडी आपल्या औषधाने मोडली, हे घेऊन ती बाई आयुष्यभर कशी राहील?"

"मलाही तसंच वाटत होतं."

"मग?"

"ही बाटली किती विमानांत आहे, ते मला माहीत नाही. तडवींनाही नाही. कोणाकोणाला शिकवलं, ते फक्त मयूरीला माहीत आहे." प्रणिताने पायरीवरची माती बोटाने रेघली. "आणि आत्ता बहर ऐन भरात आहे, शिवराज. उद्या सकाळी ती सगळी उडणार."

मयूरी दवाखान्यात निघायच्या तयारीत होती. डबा भरलेला, पायांत चप्पल. प्रणिताने तिला स्वयंपाकघरात बसवलं आणि आडवळण न घेता सगळं सांगितलं. सांगताना तिने मुद्दाम तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

"असं होणार नाही," मयूरी म्हणाली. "दोन वर्षं वापरतेय मी."

"म्हणूनच."

"तुम्हाला काहीतरी कारण पाहिजेच होतं, ताई. ठोकळा तुमचा होता नं!"

हे लागलं. प्रणिताने खिशातून कागदाची पुडी काढून टेबलावर ठेवली. त्यात नायलॉनचा थोडा कीस होता. "मी सांगते म्हणून मानू नकोस. तूच बघ."

मयूरीने रागातच पेला घेतला, रागातच बाटली उपडी केली. कीस टाकला आणि टेबलावर हात टेकून बघत बसली. बाहेर शिवराजने मोटरसायकल सुरू करून बंद केली. किसाच्या कडा धूसर झाल्या तशी मयूरी पुढे झुकली. तिच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू गेला आणि त्या जागी प्रणिताच्या ओळखीचं काहीतरी आलं. पेटी उघडून अळ्या मोजताना मयूरी अशी दिसायची.

"दोरी," ती पुटपुटली. "ती दोरी नायलॉनची होती, हे मला माहीत होतं. ठोकळा नायलॉनचा आहे, हे मला माहीतच नव्हतं."

"आणि दोरी गळते, हे मला. तू मला कधी सांगितलं नाहीस, मी तुला कधी विचारलं नाही. एका घरात राहून."

पेल्यातला कीस दिसेनासा झाला. मयूरीने पेला उचलला, मोरीत नेऊन भरपूर पाण्याने धुतला, पालथा घातला. मग पदराला हात पुसत मागे वळली.

"चौतीस जण आहेत. मी फोन लावते. तुम्ही शेजारी बसा, ठोकळा कसा काढायचा ते विचारतील."

फोनवर तिने कुठेही आडपडदा ठेवला नाही. "मी पिंपळखुट्याची मयूरी कायंदे. मी सांगितलेल्या पद्धतीत खोट निघाली आहे. माझं औषध विमानाचा पाय खातं. उद्या उडू नका. आधी ठोकळा काढून आतून नख लावून बघा." काही जणांना पटलं. काही जण चिडले, बहर सोडून काय घरी बसायचं का म्हणाले. एकाने तिला सत्काराची आठवण करून दिली. ती सगळ्यांना तेच वाक्य, त्याच आवाजात सांगत राहिली.

सव्विसावा फोन मेहकरच्या बाजूच्या एका वयस्क मधपाळाला. त्यांची मुलगी विमान चालवायची. "थांब बाई, मी फोन चालू ठेवतो," ते म्हणाले. फोनमधून पान्याचा आवाज येत राहिला, मग मुलीशी काहीतरी बोलणं, मग खट्ट असा एक आवाज. त्यानंतर बराच वेळ काहीच नाही.

"दादा? ऐकू येतंय का?"

"हातात आला," म्हातारे म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "पान्यानं ढिला केला, तर दोन तुकडे होऊन हातातच आला, पोरी. सकाळी सहाला निघणार होती ती."

मयूरीने फोन खाली ठेवला आणि पहिल्यांदा रडली. प्रणिताने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने पुढचा नंबर लावला.

*

सोमवारी तडवी साहेबांच्या टेबलावर एकोणतीस ठोकळे होते. तेवीस आतून पांढरे. त्यांनी एकेकाला नख लावून पाहिलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"माश्या वाहणारी सगळी विमानं जमिनीवर ठेवावी लागतील, बाई. निदान पाय बदलेपर्यंत."

"ठेवलीत," प्रणिता म्हणाली.

त्याची किंमत लहान नव्हती. पेट्या पुन्हा ट्रकने आल्या. ओल्या गोणपाटांखाली, चौदा तास. तिसरा हिस्सा माश्या वाटेतच गेल्या आणि त्या वर्षी तालुक्यात बी कमी धरलं. गावात मयूरीशी काही जण महिनाभर बोलले नाहीत.

पण ते पुढचं. त्या सोमवारी दुपारी दोघी जावा जालन्याला गेल्या, तेव्हा ऋषिकेशला अजून काहीच माहीत नव्हतं. तो उशीला टेकून बसला होता. पंधरा दिवसांत तो कोणाशी धड बोलला नव्हता. डॉक्टर म्हणाले होते, हाड जुळतंय, पण हा माणूस चालायला मागत नाही. परत उडणार नाही, असं त्याने स्वतःच जाहीर करून टाकलं होतं.

प्रणिता दाराशीच थांबली. मयूरी खाटेजवळ गेली, उभ्याउभ्याच सगळं बोलून मोकळी झाली. औषध, वाफ, ठोकळा, चौतीस फोन. शेवटी म्हणाली, "माझ्यामुळे झालं. तुम्हाला काय बोलायचं ते बोला."

ऋषिकेश तिच्याकडे बघत राहिला. मग अगदी बारीक आवाजात, शाळेतल्या मुलासारखं त्याने विचारलं,

"म्हणजे मी नीट उतरवलं होतं?"

मयूरीला क्षणभर प्रश्नच कळला नाही. "हो," ती म्हणाली. "एकदम नीट."

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलायला लागले. मयूरी घाबरून खाटेवर बसली, त्याचे हात धरून खाली ओढायला लागली, आणि तेव्हा तिला दिसलं की तो हसतोही आहे आणि रडतोही आहे. तिच्या मनगटाला धरून तो तेच पुन्हा पुन्हा म्हणत होता, नीट उतरवलं होतं, नीट उतरवलं होतं. मग डोळे पुसून त्याने दाराकडे पाहिलं.

"वहिनी, तिथे काय उभ्या आहात? ती कुबडी द्या इकडे. जरा खिडकीपर्यंत जाऊन येतो."